पुढचा रुंद, मागचा बारीक

बाई कुठंही गेल्या की आधी अंगठ्यानं दाबून बघत. भाजीवाल्याची पपई, एसटीची गादी, लग्नाच्या पंगतीतली पुरी, काही म्हणजे काही सुटत नसे. मी त्यांच्या कर्जतच्या घरातली वरची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा दंड धरला, त्यात अंगठा रुतवला आणि म्हणाल्या, "हवा कमी आहे. नीट जेवत नाहीस वाटतं?"

खोली मिळाली की नाही तेही कळेना. मी जिन्याकडे वळले तशी मागून हाक आली, "अगं, सामान कधी आणतेस ते तरी सांग की!"

बाई म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी कर्जत-खालापूरच्या गोठ्यांतून काढली आणि मी गेले तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गावोगाव लोक त्यांना डाक्टरीणबाय म्हणत. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, मुलगी पुण्यात. मी खालापूरच्या तहसील कचेरीत नव्यानं लागलेले. रोज सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि आले की जिन्याखाली बाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या दिसायच्या. समोर सायकल उलटी, हातात टायर.

ती सायकल हे एक प्रकरणच होतं. मुलीनं पुण्याहून पाठवलेली ग्रॅव्हल बाइक. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण चाकं जाड, खडी-मुरमावरून पळणारी. आई सकाळी नदीपर्यंत एक फेरी मारून येईल, असं त्या बिचारीला वाटलं होतं. आई पहिल्याच आठवड्यात पळसदरीच्या धरणामागच्या वाड्यांत जाऊन आली! येताना गुडघा फोडून आली आणि घरात पाऊल टाकताच म्हणाली, "सायकल फर्मास आहे. खूर चुकलेत फक्त."

खूर म्हणजे टायर. बाईंच्या लेखी चाकं असोत नाहीतर पाय, जमिनीला जे लागतं ते खूर. टायरवर जे रबरी उंचवटे असतात त्यांना आम्ही बाकीचे बटणं म्हणत असू, बाई त्यांना नख्या म्हणत. आतमध्ये ट्यूब नसलेल्या टायरात एक पांढरा चीक घालतात, काटा घुसला की तो भोक बुजवतो. पहिल्यांदा ते बघून बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला वरून हाका मारून खाली बोलावलं. "बघ, बघ! जखम आपली आपण भरतेय. टाका नाही, मलम नाही. अशी जनावरं असती तर मी नोकरीभर झोपा काढल्या असत्या." आणि खात्री करायला त्यांनी करवंदीचा आणखी एक काटा टायरात घुसवला.

हवेचं तर विचारूच नका. कर्जतच्या बाजारात आमचा एक सायकलवाला होता. तो मोठ्या मायेनं टायर दगडासारखा टणक करून द्यायचा. बाई दुकानाच्या पायरीवरच टायरवर टिचकी मारून कान देत. म्हशीचं पोट फुगलं की डाव्या कुशीवर अशीच टिचकी मारतात म्हणे. मग वाल्व दाबून हवा सोडत. सुस्सऽऽ असा आवाज येई आणि बाईंच्या चेहऱ्यावर एक सुटकेचा भाव येई, म्हशीच्याच वतीनं जणू.

"बाई, हवा भरायला आलाव का काढायला?" सायकलवाला वैतागून विचारी.

"अरे, टणक पोट म्हणजे आजार. टायर खडीवर टणाटणा उडायला लागला तर धरणार काय जमिनीला? डांबरावर ठीक आहे. मुरमावर मऊ पाहिजे. दगडगोट्यांत पुन्हा थोडा टणक, नाहीतर रिम बसते दगडावर." मग दुकानात उभ्या असलेल्या कुणाही गिऱ्हाइकाकडे वळून त्या खणखणीत आवाजात विचारत, "तुमचं वजन किती हो?" कारण हवा वजनावर ठरते. भर बाजारात हा प्रश्न बायकांनासुद्धा विचारला जाई. एकदा तर एका शर्यतीआधी त्यांनी मुंबईहून आलेल्या एका गृहस्थाच्या टायरमधली हवा न विचारताच सोडली. त्याचा वाल्व त्यात बिघडला, तो माणूस लालबुंद झाला, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "रागावू नका, तुमच्या भल्यासाठीच." माफी मागायला अर्थातच मी.

शर्यत म्हटलं तो दरवर्षीचा सोहळा. एक सायकल क्लब माघ-फाल्गुनाच्या सुमारास ती भरवायचा. कर्जतहून निघायचं, पाटाच्या कडेच्या वाटेनं उन्हाळी भाताच्या शेतांतून जायचं, मग धरण, मग डोंगराखालच्या वाड्यांची लाल मातीची वाट, आणि शेवटी डांबरावरून खालापूरचं मैदान. दुपारी बाराच्या आत मैदानात पोचलं तरच पदक. सगळ्यांच्या मागून एक टेंपो येई आणि रखडलेल्यांना सायकलीसकट उचलून घेई.

बाईंना जिंकायचं बिंकायचं नव्हतं. बाराच्या आत पोचायचं होतं, बस्स. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्यासाठी बाईंचा इतिहास माहीत पाहिजे. ही बाई जन्मात कुठंही वेळेवर पोचली नव्हती. घरातून वेळेत निघायच्या, पण वाटेत कुणीतरी हाक मारी, "डाक्टरीणबाय, जरा बगा ना." की उतरल्या. स्वतःच्या साखरपुड्याला उशीर. मुलीच्या बारशाला उशीर. नोकरीच्या निरोपसमारंभाला त्या पोचल्या तेव्हा भाषणं संपून वडे खाऊन लोक निघाले होते आणि त्यांचा हार खुर्चीच्या पाठीला घातलेला होता. वाटेत एका गाईचं वासरू आडवं आलं होतं. बाई कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि त्यांनी खुर्चीवरचा हार स्वतःच गळ्यात घालून घेतला. हे त्या हसत हसत सांगत. पण एकदा टायर पुसता पुसता मला म्हणाल्या, "पोरी, एकदा तरी कुणीतरी म्हणावं बघ, की बाई, वेळेवर आलात." त्या हसल्या नाहीत तेव्हा. मी चहा टाकायला म्हणून आत गेले.

तर पहिल्या वर्षी बाईंनी बारीक, गुळगुळीत टायर लावले होते. पोचल्या नाहीत. "नख्या नव्हत्या गं. पाटाच्या मुरमात मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं," असं त्या सांगत. ते खरंच असेल. पण सायकलवाल्यानं मला दुसरंही सांगितलं. पाटाकडेच्या गावात एका म्हशीचं पोट फुगलं होतं आणि बाई तिथं तास-दीड तास अडकल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी रुंद, नखीदार टायर. ते मुरमावर झकास चालले. पण डांबरावर भुंग्यासारखे घूंऽऽ करत राहिले आणि पाय ओढून ओढून बाई घामाघूम झाल्या. "जड पडले," म्हणाल्या. त्या वर्षी मीही एक जुनी सायकल घेऊन शर्यतीत होते, त्यामुळे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पहिल्या गावात एका गाईच्या डोळ्यात कुसळ. दुसऱ्या गावात कोंबड्यांना मानमोडी. वाडीवर एक बकरी, तिच्या घशात काहीतरी अडकलेलं. बारा वाजून गेल्यावर खालापूरच्या मैदानात टेंपो आला. मागचं फळकूट उघडलं आणि बाई उतरल्या, एका हातात सायकल, दुसऱ्या हातात बकरी! तिला दवाखान्यात न्यायचं होतं. बकरीनं मैदानातल्या झेंडूच्या माळा खायला सुरुवात केली तेव्हा तिचा घसा बरा झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं.

आणि घरी आल्यावर बाई काय म्हणाल्या? "टायर चुकले."

मी म्हटलं, "बाई, टायर? अहो, तुम्ही तीन ठिकाणी उतरलात!"

"उतरले असेन. पण टायर बरोबर असते तर तो वेळ भरून निघाला असता."

तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी जाहीर करून टाकलं. "तीनदा फळवूनही म्हैस गाभण राहिली नाही, तर आपण मालकाला काय सांगतो? विकून टाक, वैरण फुकट घालू नकोस. हाच नियम मलाही. यंदा बाराच्या आत पोचले नाही, तर सायकल विकणार."

मी हसण्यावारी नेलं. पण बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी सायकलवाल्याला गिऱ्हाईक बघून ठेवायला सांगितलंसुद्धा! निवृत्तीनंतर ही बाई ताठ चालत होती, रोज पहाटे गात उठत होती, ती या दोन चाकांच्या जोरावर. सायकल गेली की जिन्याखाली काय उरलं असतं?

मग सुरू झाली टायरांची निवड. अहाहा, काय दिवस होते ते! सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी शर्यतीच्या वाटेवर जायचो. बाई दर थोड्या अंतरावर उतरून मूठभर माती उचलत, दाबत, फुंकत. "हा मुरूम बारीक आहे, वाळलाय, सरकणार. इथं पाट पाझरतो, चिकट होणार. ही खडी नवीन टाकलीय, धारेची आहे, टायरची कूस कापेल. कूस जाड पाहिजे." मग एका ठिकाणी, पाटाच्या ओल्या काठावर, त्या एकदम गुडघ्यावर बसल्या. समोर पाण्यावर येऊन गेलेल्या बैलाची पावलं उमटली होती.

"हे बघ!" त्यांचा आवाज चढला. "पुढचा खूर केवढा आहे बघ. मोठा, गोल, फाकलेला. आणि मागचा? निमुळता, घट्ट. पुढचा पाय जमीन धरतो गं, मागचा नुसता ढकलतो. मी पस्तीस वर्षं हे बघतेय आणि दोन्ही चाकांना एकच टायर घालत बसले. काय म्हणावं मला!"

त्या उठल्या आणि चिखलाच्या हातांनी त्यांनी माझे दोन्ही गाल धरले. पुढं रुंद, नखीदार. मागं बारीक, मधोमध सपाट आणि फक्त कडेला नख्या, म्हणजे डांबरावर पळेल आणि वळणावर धरेल. आम्ही तशाच बाजारात गेलो. सायकलवाला म्हणाला, "बाई, दोन चाकांना दोन जातीचे टायर? लोक हसतील."

"बैलाला कोण हसलं का रे आजवर?"

सायकलवाल्यानं टायर काढून दिले.

टायर ठरले, हवा ठरली. पण मला खरी चिंता दुसरीच होती. शर्यतीच्या आधीच्या रविवारी बाई पुण्याला मुलीकडे गेल्या होत्या. मी माझी सायकल काढली आणि वाटेवरच्या प्रत्येक गावात, प्रत्येक वाडीवर गेले. एकच गोष्ट सांगत सुटले. शर्यतीच्या दिवशी बाईंना हाक मारायची नाही. जनावर आजारी असलं तर मला फोन करा, मी दवाखान्यातून माणूस पाठवते. पण बाईंना थांबवायचं नाही.

पाटाकडेच्या गावात एका घरची सून कमरेवर हात देऊन म्हणाली, "आनि माजी म्हैस अडली मंग गं?"

तिच्या सासऱ्यानं तिला गप्प केलं. म्हणाला, "अगं, बाय आमच्यासाठी भर पावसात आली, लेकराला ताप असताना आली. आमी एक दिस कळ नाय काडायची? जा पोरी तू. कोन नाय हाक मारनार."

शर्यतीचा दिवस उजाडला. पाटावर धुकं, बाजूला उन्हाळी भाताचे हिरवेगार वाफे, आणि बाई पुढं. मी मागं राहून पहारा करत होते. नवे टायर काय सुंदर चालले होते! मुरमावर पुढचं चाक जराही घसरत नव्हतं. बाई वळणावर न थबकता जात आणि ओरडत, "धरतोय गं, धरतोय!"

पहिलं गाव आलं आणि मला हसू आवरेना. सगळं गाव वाटेच्या कडेला उभं, शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखं, तोंडं गच्च मिटून. एका म्हातारीनं कोकराचं तोंड पदराखाली धरलं होतं. टाळी नाही, हाक नाही. गाईबैलांच्या गळ्यात घंटा होत्या, पण वाजत नव्हत्या. मी नीट बघितलं तर प्रत्येक घंटेत पेंढा कोंबलेला!

"आज इथं काही वाईट घडलंय का गं?" बाई मागं वळून म्हणाल्या. "माणसं बोलेनात की."

"चला हो बाई, बारा वाजतील!"

दुसरं गाव तसंच. धरण गेलं. वाडीवरच्या बकऱ्यांना कुणी तरी कुडाच्या घरात कोंडलं होतं. आतून एक बकरी बेंऽ करून ओरडली आणि तिथली पोरं-बाया सगळ्या एकदम जोरजोरात खोकायला लागल्या. बाईंनी पायडल मारणं थांबवलं. मग त्यांनी मान हलवली आणि पुढं निघाल्या.

शेवटच्या गावात वाट रस्त्याला मिळते. तिथं कडेला एक टेंपो उभा होता. टेंपोपुढं एक शेतकरी हाताची घडी घालून नको तितका निवांत उभा होता, आणि टेंपोच्या मागून दोन शिंगं दिसत होती. बाईंचा वेग कमी झाला. एक पाय पायडलवरून निघून जमिनीकडे आला. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर घाम.

"काय रं, सगळं बरं ना?" बाईंनी विचारलं.

"सगळं बरं हाय बाय! तुमी जा! जा ना हो तुमी!" तो जवळजवळ रडकुंडीला आला होता.

बाईंनी टेंपोकडे एकदा पाहिलं. नंतर समोरच्या डांबराकडे. पाय परत पायडलवर गेला आणि त्या निघाल्या.

पुढं काय सांगू! मागचा बारीक टायर डांबराला लागला आणि सायकल सुटली. मी जिवाच्या आकांतानं मागं. लांबून रखडलेल्यांच्या टेंपोचा हॉर्न ऐकू येत होता. खालापूरच्या रस्त्यावरची माणसं दुकानांतून बाहेर आली. माझ्या कचेरीतले लोक फाटकावर चढून ओरडत होते, "बाई, ओढा! ओढा!" कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवत होतं. बाईंचा पदर खोचलेला, वेणी सुटलेली, आणि त्या मैदानातल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून पार गेल्या तेव्हा बारा वाजायचे होते. वाजायचे होते! मी सायकल टाकून दिली आणि नाचले. मला लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

बाईंच्या गळ्यात पदक पडलं. त्यांनी ते अंगठ्यानं दाबून बघितलं, सरबताचा पेला एका दमात रिकामा केला आणि सायकल वळवली.

"आता कुठं?" मी विचारलं.

"टेंपोमागच्या बैलाकडे. टेंपोखालून चार पाय दिसत होते, टेकले होते तीनच. डाव्या मागच्या खुरात काहीतरी गेलंय."

"मग तेव्हा थांबला कशा नाहीत?"

"शिंगं सावकाश हलत होती, म्हणजे उभं राहून रवंथ करत होता. तासाभराची कळ काढेल, एवढं कळतं मला," म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघत, "आणि त्या घंटांत पेंढा कोंबायची अक्कल कुणाची गं?"

"माझी नाही. शपथ!" घंटांची खरंच माझी नव्हती. ते गावांनी आपल्या मनानं केलं होतं.

आम्ही परत गेलो. उन्हं चढली होती आणि बाई गाणं म्हणत होत्या. टेंपो तिथंच होता. आम्हाला येताना बघून तो शेतकरी धावत मागं गेला, त्यानं बैलाच्या घंटेतला पेंढा उपसून काढला आणि बैलाला पुढं आणलं. घंटा वाजायला लागली. बाई वाटेवरच बसल्या, बैलाचा पाय मांडीवर घेतला, पदक बाजूला सारून पाठीवर टाकलं आणि खुराच्या बेचक्यात अंगठा दाबत गेल्या. बैलानं एकदम पाय झटकला. "इथं," त्या म्हणाल्या आणि चिमट्यानं बोटभर काटा ओढून काढला.

बैलानं पाय टेकला. उचलला, पुन्हा टेकला. शेतकऱ्यानं हात जोडले.

"बाय, आज अगदी येळेवर आलात बगा."

बाईंची बोटं खुरावर थांबली. मग नाक ओढून, वर न बघता म्हणाल्या, "यंदा टायर बदललेत ना, म्हणून."